‘काहीही कारण नसताना’

मी मूळची नाशिकची, गेली नऊ वर्षं नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहते. २०२० मध्ये सगळे घरात अडकलो होतो तेव्हा एका मैत्रिणीने एक लिंक पाठवली, फ्रीडम ऑन द मूव्ह नावाच्या प्रकल्पाची. कॉर्नेल विद्यापीठातून चालतो हा प्रकल्प. अमेरिकेत गुलामी होती तेव्हा गुलामीतून निसटलेल्या माणसांना पकडून द्या, इतकं इतकं बक्षीस देऊ, अशा जाहिराती वर्तमानपत्रांत यायच्या, त्या गोळा करायच्या आणि कोणीही घरबसल्या त्या वाचून टाइप करून द्यायच्या असं ते काम. स्क्रीनवर जाहिरातीचा फोटो येतो, आपण तो शब्दन्शब्द उतरवायचा, मग नाव, वय, अंगावरचे कपडे, येणारं काम, बक्षीस किती हे सगळं वेगळं भरायचं. मला वाटलं टायपिंगच आहे, रोज अर्धा तास करू, आणि पहिल्याच दिवशी उठले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

सुरुवातीला मी बरंच चुकीचं वाचलं. जवळजवळ प्रत्येक जाहिरात ‘सबस्क्रायबरकडून पळाला’ अशी सुरू होते, मी समजत होते की वर्तमानपत्राचा वर्गणीदार, म्हणजे वर्गणीदारांना जाहिरात फुकट असेल वगैरे, आणि तसं मी नोटमध्ये लिहूनही ठेवलं होतं. त्याचा अर्थ आहे खाली सही करणारा. ‘लाइकली’ म्हणजे मला वाटलं कदाचित, पण तिथे तो शब्द धडधाकट, दिसायला बरा, बाजारात चांगली किंमत येईल असा, या अर्थाने आहे. ‘आउटलँडिश’ म्हणजे आफ्रिकेतून आणलेला, इथे न जन्मलेला. ‘डाउन लुक’ म्हणजे बोलताना खाली बघतो. हा शब्द इतक्या वेळा येतो की नंतर नंतर मला तो टाइप करवत नसे, कारण वर बघितलं असतं तर उद्धट म्हणून लिहिलं असतं, तोही शब्द यायचाच. कपड्यांत ओस्नाबर्गचा शर्ट, ओस्नाबर्गची पँट सतत येते, ते जाडंभरडं कापड, आपल्या मांजरपाटासारखं, वर्षाला ठरावीक जोड मिळायचे त्याचे.

आणि अठराव्या शतकातले पेपर वाचताना तर अक्षरांशीच झटापट. तेव्हा शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला एस लांब काढायचे, तो एफसारखा दिसतो, आणि कॉम्प्युटरही त्याला एफच समजतो. त्यामुळे सर्चमध्ये ‘सबस्क्रायबर’ टाकून काही मिळत नाही, ‘फब्फ्क्रायबर’ टाकलं की धडाधड निघतात. ‘रॅनअवे’ कधी एक शब्द, कधी दोन, कधी ‘अ‍ॅब्स्काँडेड’, कधी ‘इलोप्ड’. मोडी शिकणाऱ्यांना हे लगेच कळेल, आधी अक्षराची सवय व्हावी लागते, मग माणूस दिसायला लागतो.

पुढे मी स्थानिक पेपरांकडे वळले, रॅली, फेएटव्हिल, विल्मिंग्टन, कारण ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलायनातल्या १७५० ते १८६५ मधल्या या नोटिसा एकत्र केल्यात आणि ती गावं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. ज्या गावाच्या एक्झिटवर आपण पेट्रोल भरतो त्या गावच्या तुरुंगात अमुक नावाचा माणूस आणून ठेवलाय, असं सांगतो तो अमुक इसमाचा आहे, तरी मालकाने यावं, मालकी सिद्ध करावी, खर्च भरावा आणि घेऊन जावं, नाहीतर कायद्याप्रमाणे करण्यात येईल. कायद्याप्रमाणे म्हणजे विक्री, तुरुंगाचा खर्च वसूल करायला. आणि स्वतंत्र असलेल्या काळ्या माणसाजवळ कागद नसला तर त्यालाही असंच आत टाकायचे. हे सगळं त्याच पानावर, शेजारी घोडा हरवल्याची जाहिरात, जमीन विकणे आहे, नवीन मीठ आलं आहे. बऱ्याच जाहिरातींच्या वर छोटंसं चित्र असतं, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, पळणारा माणूस. छापखान्यात तो ठसा तयारच असायचा. पन्नास वर्षांचा असो की पंधराचा, सगळ्यांना तोच ठसा. बाईसाठी घागऱ्यासारखा वेगळा.

आईशी रोज संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, व्हिडिओ कॉल असायचा आणि त्या दिवशी काय वाचलं ते मी तिला मराठीत सांगायचे. तिथे माझी खरी अडचण झाली. ‘पळून गेली’ म्हटलं की आपल्याकडे लगेच वेगळंच डोक्यात येतं, घराची अब्रू वगैरे. दोन-तीनदा ऐकल्यावर आईच म्हणाली, अगं पळाली काय म्हणतेस, सुटली म्हण. तेव्हापासून मी माझ्या वहीत सुटला, सुटली असंच लिहिते.

आईला मी सगळ्यात आधी सँडीची जाहिरात वाचून दाखवली होती, कारण सही करणारा माणूस तिलाही माहिती होता. १४ सप्टेंबर १७६९ चा व्हर्जिनिया गॅझेट, आणि खाली नाव थॉमस जेफरसन. ‘सगळी माणसं समान जन्माला येतात’ हे त्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिलं ते सात वर्षांनी. सँडीचं वय ३५ च्या आसपास, उंची कमी, अंगाने भरलेला, जोडे शिवायचं काम करतो आणि ते करताना मुख्यतः डावा हात वापरतो, सुतारकामही जुजबी येतं, घोडा चांगला चालवतो, दारू पितो, प्यायला की उद्धटपणे वागतो, बोलताना शिव्या देतो. जाताना पांढरा घोडा नेलाय आणि जोडे शिवायची हत्यारं नेली आहेत, तेव्हा तेच काम शोधेल. बक्षीस त्याच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सापडला तर ४० शिलिंग, वसाहतीत दुसरीकडे ४ पौंड, वसाहतीबाहेर १० पौंड.

मी त्या डाव्या हातापाशी थांबले. जेफरसनला सँडीचं कौतुक म्हणून ते लिहायचं नव्हतं. पण माणूस परत हवा तर ओळख पटली पाहिजे, आणि ओळख पटायला खरं लिहावंच लागतं. खोटं वर्णन लिहिलं तर स्वतःचंच नुकसान. त्यामुळे ज्या माणसांची नावंसुद्धा सरकारी कागदात नाहीत (१८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या याद्या आहेत पण त्यात नाव नाही, वय, लिंग, रंग असं काही आणि मालकाचं नाव) त्यांचा हात कुठला, बोलताना अडखळतो का, हसताना कुठला दात दिसतो, फिडल वाजवते का, वाचता येतं का, हे त्यांना पकडू बघणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. सँडी सापडला. १७७३ मध्ये जेफरसनने त्याला १०० पौंडांना विकला. हे आईला सांगितल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, पण तो का गेला ते लिहिलंय का?

नव्हतं लिहिलेलं. मी म्हटलं, नाही गं, ते कोणीच लिहीत नाही. ती म्हणाली, बघ की, कुठेतरी सापडेल. त्या रात्री मी माझ्या एक्सेल शीटमध्ये एक कॉलम वाढवला, ‘का’.

तो कॉलम मी पुढची तीन वर्षं भरत होते आणि त्यातून जे कळलं तेच मला इथे सांगायचंय. जाहिरात देणारा कारण कधी कारण म्हणून लिहीत नाही. उलट कारण नाही असं लिहितो. ‘विनाकारण’, ‘काहीही त्रास दिलेला नसताना’, ही तर ठरलेली भाषा. पण कारण जाहिरातीत असतं, फक्त दुसऱ्या जागी असतं. एक जागा म्हणजे तो कुठे गेला असेल याचा अंदाज. अमुक गावात त्याची बायको आहे, तिकडेच घुटमळत असेल. हा मी अमुक इसमाकडून विकत घेतला, त्याची आई अजून तिथे आहे. एका ओळीत सांगून टाकतो की नवरा-बायकोला वेगळं विकलंय, मुलाला आईपासून तोडलंय, आणि त्याला स्वतःला ते कबूल केल्यासारखं वाटतच नाही, तो फक्त पत्ता सांगतोय. मला आधी वाटायचं सुटणारे सगळे उत्तरेकडे जायचे. नॉर्थ कॅरोलायनाच्या जाहिराती वाचून कळलं की कितीतरी जण पंचवीस-तीस मैल चालून जायचे, माणसाकडे. काही जण व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या डिस्मल स्वँपच्या दलदलीत राहायचे, वर्षानुवर्षं. आणि इथला कायदा असा की दोन न्यायाधीशांनी एखाद्याला ‘आउटलॉ’ जाहीर केलं की त्याला कोणीही ठार मारावं, मारणाऱ्यावर खटला नाही आणि मालकाला भरपाई. १७४१ चा कायदा. हे माहीत असूनसुद्धा बायकोला भेटायला जायचे ते.

दुसरी जागा म्हणजे ओळखीची खूण.

१८३८ च्या जुलैमध्ये रॅलीच्या स्टँडर्ड पेपरात नॅश काउंटीतल्या मिकाजा रिक्स नावाच्या माणसाची जाहिरात आहे. एक बाई आणि दोन मुलं सुटली आहेत. आणि खूण म्हणून तो लिहितो की जायच्या थोडे दिवस आधी मी तिला तापलेल्या लोखंडाने डाव्या गालावर डागलं, एम अक्षर काढायचा प्रयत्न केला. नॅश काउंटी आमच्या घरापासून तासाभरावर आहे, रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं, मी मुलाच्या फुटबॉल मॅचला गेलेय तिथे. मी ते वाक्य परत परत वाचलं, वाटलं मीच काहीतरी चुकीचं वाचतेय. ‘जायच्या थोडे दिवस आधी’ हे शब्द त्याने स्वतः घातलेत, जखम किती ताजी आहे ते पकडणाऱ्याला कळावं म्हणून. माझ्या ‘का’ कॉलममध्ये मला एक अक्षरही स्वतःचं घालायला लागलं नाही.

ही जाहिरात काही मी शोधून काढली नाही. १८३८-३९ मध्ये गुलामीविरुद्ध काम करणारा थिओडोर वेल्ड, त्याची बायको अँजेलिना ग्रिम्के आणि तिची बहीण सारा यांनी न्यू जर्सीच्या घरात बसून दक्षिणेतल्या वर्तमानपत्रांची रद्दी चाळली होती, महिनोन्महिने, आणि गुलाम ठेवणाऱ्यांच्याच जाहिराती कापून पुरावा म्हणून छापल्या होत्या, त्यात ही आहे. ग्रिम्के बहिणी स्वतः साऊथ कॅरोलायनातल्या गुलाम ठेवणाऱ्या घरातल्या. म्हणजे मी जे माझ्या किचन टेबलवर करत होते ते या दोघी बहिणी पावणेदोनशे वर्षांपूर्वी कात्री घेऊन करत होत्या, आणि तेव्हा ज्यांना पकडायला त्या जाहिराती दिल्या ती माणसं जिवंत होती, पळत होती. अँड्र्यू जॅक्सनने १८०४ मध्ये टेनेसीत दिलेली जाहिरात मी दोनदा अर्धवट सोडली. पकडणाऱ्याला ५० डॉलर आणि वर त्या माणसाला मारलेल्या दर १०० फटक्यांमागे १० डॉलर जास्त, ३०० फटक्यांपर्यंत. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला, वीस डॉलरच्या नोटेवर त्याचं चित्र आहे.

मधे काही महिने मी हे काम बंद केलं होतं. झोप लागायची नाही. त्या सुट्टीत नाशिकला गेले. आमचं घर शरणपूर रोडला, लहानपणापासून तिथून हजार वेळा गेलेय आणि नाव हे नाव, त्याचा अर्थ कधी मनात आला नव्हता. यावेळी आला. समुद्रात गुलामांच्या बोटी ब्रिटिश आरमाराने पकडल्या की त्यावरची आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मिशनऱ्यांनी शरणपूरला ठेवून शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं. त्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर लंडनला गेला आणि अंत्ययात्रेत होता. पुढे बरेच जण मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला गेले. मी आणि आई एका सकाळी शरणपूरला चालत गेलो. परत येताना आई म्हणाली, आपल्याकडेही कुणबिणी होत्याच ना, बटकी. होत्या. पेशवाईतल्या कागदपत्रांत त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बटीक हा शब्द मी शिवी म्हणून ऐकलाय लहानपणी, त्याच्या आत एक विकत घेतलेली बाई आहे हे माहीत नव्हतं मला.

परत आल्यावर मी दोनच जाहिराती घेतल्या आणि नीट केल्या, कारण या दोघींचं ‘का’ त्यांच्याच तोंडून शिल्लक आहे.

पहिली ओना जज. मे १७९६, फिलाडेल्फिया, ‘युनायटेड स्टेट्सच्या प्रेसिडेंटच्या घरातून’ नाहीशी झालेली मुलगी, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या. वय वीसच्या आसपास, चेहऱ्यावर भरपूर वांग, डोळे काळेभोर, केस दाट, अंगकाठी नाजूक, बरेच चांगले कपडे बरोबर. बक्षीस १० डॉलर. आणि मग ते वाक्य, ती जाईल अशी शंका नव्हती, तिला चिथावणारं काही घडलं नव्हतं, त्यामुळे ती कुठे गेली आणि तिच्या मनात काय आहे याचा अंदाज करणं सोपं नाही. ती न्यू हॅम्पशायरला पोचली, पोर्ट्समथला, नॅन्सी नावाच्या जहाजाने, आणि १८४८ मध्ये मरेपर्यंत कोणाच्या हाती लागली नाही. म्हातारपणी तिने मुलाखती दिल्या. त्यात सांगितलं की वॉशिंग्टनची बायको मार्था हिच्या नातीला तिला देऊन टाकायचं ठरलं होतं, व्हर्जिनियाला गेले तर परत कधीच सुटका नाही हे तिला कळलं होतं. तिकडे घरचे व्हर्जिनियाला जायचं सामान बांधत होते, इकडे ती स्वतःचं बांधत होती, वस्तू आधीच ओळखीच्या काळ्या कुटुंबांकडे नेऊन ठेवलेल्या, आणि ते जेवायला बसले तेव्हा ती बाहेर पडली.

दुसरी हॅरिएट जेकब्ज, आमच्या राज्यातली, एडंटन गावची. जाहिरात नॉरफोकच्या अमेरिकन बीकनमध्ये, १८३५ चा जुलै, खाली सही डॉक्टर जेम्स नॉरकम, तारीख ३० जून. १०० डॉलर. ‘माझी नोकर मुलगी हॅरिएट’, वय २१, उंची ५ फूट ४ इंच, केस काळे, कुरळे पण विंचरले की सरळ होतात. बोलणं सहज, वागणं आर्जवी, शिवण उत्तम येतं, फॅशनचे कपडे घालते. केस विंचरल्यावर सरळ होतात हे त्याला कसं माहीत, हा प्रश्न मला ती ओळ टाइप करताना पडला आणि बोटं थांबली. ‘माझी’ हेही खरं नाही, मृत्युपत्राने ती त्याच्या लहान मुलीच्या नावावर होती. आणि पुढे, ही मुलगी माझ्या मुलाच्या मळ्यावरून माहीत असलेल्या कुठल्याही कारणाशिवाय नाहीशी झाली, ती उत्तरेकडे जायच्या विचारात असावी.

ती एडंटनमध्येच होती. आधी इकडे तिकडे लपवलं लोकांनी, मग आजीच्या घरातल्या कोठीच्या वर, छपराखालच्या पोकळीत. ९ फूट लांब, ७ फूट रुंद, सगळ्यात उंच जागी ३ फूट, आणि तिथून छप्पर उतरत गेलेलं. जवळजवळ सात वर्षं. गिरमिटाने भिंतीला बारीक भोकं पाडून त्यातून खाली खेळणारी आपली मुलं बघायची. न्यूयॉर्कहून लिहिल्यासारखी पत्रं लिहायची आणि ती कोणाकरवी न्यूयॉर्कहून टाकायला लावायची, म्हणजे नॉरकम तिकडे शोधेल. तसा तो आधी न्यूयॉर्कला शोधायला जाऊनही आला होता. १८४२ मध्ये ती बोटीने फिलाडेल्फियाला पोचली, आणि १८६१ मध्ये तिने लिंडा ब्रेंट या नावाने आपली सगळी हकीकत छापली. ती लहान होती तेव्हापासून नॉरकम तिच्यामागे कसा लागला होता, ऐकलं नाही म्हणून मळ्यावर धाडलं, मग तिच्या मुलांनाही तिथे कामाला जुंपायला आणणार होते. लोक शंभर वर्षं त्याला कादंबरी समजत होते, १९८० च्या दशकात जीन फेगन येलिन या अभ्यासिकेने पत्रं, कागदपत्रं लावून सिद्ध केलं की सगळं खरं आहे.

एका रविवारी मी टेप घेऊन हॉलमध्ये ९ बाय ७ मोजलं, चिकटपट्टी लावली. जागा मोठी दिसते तशी, दोन माणसं झोपतील. मग डायनिंग टेबल त्यावर ओढलं. टेबलाची उंची अडीच फूट. मी खाली गेले, कुशीवर झाले, आणि दुसऱ्या कुशीवर व्हायला गेले तर खांदा वर लागला. तिने लिहिलंय तसंच, कूस बदलताना छप्पर लागतं. दहा मिनिटांनी मुलगा शोधत आला, आई तू काय करतेयस. मी त्याला सांगितलं, तो तेव्हा अकरा वर्षांचा होता, तोही आत येऊन आडवा झाला आणि विचारलं, तिची मुलं किती मोठी होती.

पुढच्या महिन्यात आम्ही एडंटनला गेलो, दोन-अडीच तासांचा रस्ता. सुंदर गाव आहे, समोर खाडीचं पाणी, १७६७ चं कोर्ट अजून उभं आहे. आजीचं घर नाही, हॅरिएटच्या नावाची पाटी आहे. गाव इतकं लहान आहे की या टोकापासून त्या टोकाला वीस मिनिटांत चालत जाता येतं. मुलाने विचारलं, म्हणजे तो डॉक्टर रोज इथूनच जायचा? ती लिहिते की तिला त्याचा आवाज ऐकू यायचा. आम्ही पाण्याकडेने चाललो, जिथून बोटी सुटायच्या त्या बाजूला.

माझ्या शीटमध्ये आता बाराशेच्या वर ओळी आहेत. जाहिरातींच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘टीएफ’ असतं कधी कधी, टिल फॉरबिड, म्हणजे नको म्हणेपर्यंत छापत राहा. मी पुढचे अंक उघडत जाते, दर आठवड्याला तीच जाहिरात, तोच ठसा, आणि एका आठवड्यात ती नसते. सापडला म्हणून बंद केली की पैसे संपले म्हणून, की आशा सोडली म्हणून, पेपरात काही नसतं. अशा ओळींना मी पिवळा रंग देते आणि तुरुंगाच्या नोटिसांत ते नाव शोधते, पुढे वर्षभराचे अंक. नाव मिळालं नाही की मला बरं वाटतं.

‘का’ कॉलम बहुतेक ठिकाणी रिकामा आहे. जिथे भरलाय तिथे ‘बायको, दुसऱ्या काउंटीत’, ‘आई’, ‘डागलं’, ‘विकणार होते’. आई मागच्या वर्षी गेली. सँडीच्या ओळीत मी अजून काही लिहिलेलं नाही, पण परवा ती जाहिरात परत उघडली होती, हत्यारं नेली होती त्याने बरोबर, डाव्या हाताने चालवायची.